‘नुसता मुरगळलाय’ म्हणून सोडू नका

आपल्या घराघरांत वर्षातून एकदा तरी कुणाचा ना कुणाचा पाय मुरगळतोच. चाळीच्या जिन्याची शेवटची पायरी चुकते, गटारावरची फरशी डगमगते, बस पुरती थांबण्याआधी उतरणाऱ्याचे पाऊल वाकडे पडते, कबड्डीत चढाईला गेलेला पोरगा लंगडत परत येतो. मग घरात जेवढी माणसे तेवढी निदाने! आजी म्हणते नस चढली, शेजारी म्हणतात हाड सरकले, वडील म्हणतात मुका मार आहे. आणि ज्याचा पाय सुजला तो बिचारा म्हणतो, ‘काही नाही, नुसता मुरगळलाय, उद्या कामावर जातो.’

या ‘नुसता’ शब्दाबद्दलच आज आम्हाला लिहायचे आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. शिक्षण वाणिज्य शाखेचे आणि नोकरी कारकुनाची. परंतु वस्तीतल्या माणसांना घेऊन सरकारी रुग्णालयाच्या रांगेत उभे राहण्यात आमची बरीच वर्षे गेली आहेत. त्या रांगेत हाड मोडलेल्यांइतकेच सांधा मुरगळलेलेही भेटतात, आणि त्यांतले कितीतरी जण महिना-दोन महिने घरी काढून, नको ते उपचार करून मग तिथे आलेले असतात. हातावर पोट असणाऱ्या माणसाला दोन महिन्यांचे लंगडणे म्हणजे दोन महिन्यांची मजुरी. म्हणून या विषयाची नीट माहिती घरातल्या प्रत्येकाला असली पाहिजे.

प्रथम मुरगळते म्हणजे नेमके काय होते ते पाहू. दोन हाडे जिथे मिळतात तो सांधा. ही हाडे आपापल्या जागी राहावीत म्हणून निसर्गाने त्यांना चिवट पट्ट्यांनी एकमेकांशी बांधलेले असते. या पट्ट्यांना मराठीत अस्थिबंध म्हणतात. दवाखान्यात आपल्या कानावर पडतो तो शब्द लिगामेंट. स्नायू हाडाला ज्या दोरीने जोडलेला असतो ती कंडरा, ती निराळी. अस्थिबंध हाडाला हाड बांधतो. बैलगाडीचे जू आणि दांडी जशी दोराने आवळतात तसेच हे काम. सांध्याने त्याच्या मर्यादेत वळावे, पलीकडे जाऊ नये, यासाठी हा बंध असतो. पाऊल अचानक मर्यादेपलीकडे वळले की बंध ताणला जातो, त्यातले काही धागे तुटतात, आणि फारच जोर बसला तर तो पुरता तुटतो. याचेच नाव मुरगळणे. यात नस कुठे चढत नाही, हाडही सरकत नाही. (हाड खरोखरच सांध्यातून निसटले तर त्याला सांधा निखळणे म्हणतात. त्याचा आकारच वाकडातिकडा दिसतो आणि वेदना अशी असते की माणूस ‘नुसता’ म्हणतच नाही.)

डॉक्टर या दुखापतीच्या तीन पायऱ्या मानतात. पहिलीत बंध ताणला जातो, थोडे धागे दुखावतात, सूज थोडी असते आणि माणूस दुखत-खुपत का होईना चालू शकतो. दुसरीत बंध अर्धवट फाटतो, सूज चांगलीच येते, एक-दोन दिवसांत कातडी काळी-निळी पडते, पाय टेकवणे जिवावर येते. तिसरीत बंध आरपार तुटतो आणि सांधा सैल पडतो. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. वेदना किती आहे त्यावरून इजा किती हे नेहमीच कळत नाही. पुरता तुटलेला बंध पहिला भर ओसरल्यावर अर्धवट फाटलेल्यापेक्षा कमी दुखू शकतो, कारण ताण बसायला धागाच उरलेला नसतो. म्हणून ‘दुखत नाही म्हणजे बरे आहे’ हा हिशेब इथे चुकतो.

सर्व सांध्यांत घोटाच सर्वांत जास्त मुरगळतो, आणि तोही बहुधा बाहेरच्या बाजूने. असे का? आपल्या घोट्याला हात लावून पाहा. दोन्ही बाजूंना हाडाचे उंचवटे लागतील. बाहेरचा उंचवटा आतल्यापेक्षा खालपर्यंत उतरलेला आहे. त्यामुळे पाऊल बाहेर वळायला अटकाव होतो, आत वळायला मोकळीक राहते. शिवाय आतल्या बाजूचा अस्थिबंध रुंद, त्रिकोणी आणि दणकट आहे. बाहेरच्या बाजूला तीन वेगवेगळे बंध आहेत आणि त्यांतला पुढचा सर्वांत अशक्त. पाऊल आत दुमडले की पहिला घाव त्याच्यावर. आणखी एक गंमत म्हणजे घोट्याच्या खोबणीत बसणारे हाड पुढून रुंद आणि मागून अरुंद असते. पाऊल सपाट असताना त्याचा रुंद भाग खोबणीत घट्ट बसतो. पण जिना उतरताना चवडा खाली झुकतो, अरुंद भाग खोबणीत येतो आणि सांधा ढिला पडतो. जिना चढताना फारसा कुणाचा पाय मुरगळत नाही, उतरताना मुरगळतो, त्याचे कारण हे आहे. त्यात पायात झिजलेली, एका बाजूने बसलेली स्लीपर असली म्हणजे विचारायलाच नको.

आता पाय मुरगळला, तर पहिले दोन-तीन दिवस काय करावे?

काम थांबवावे, हे पहिले. ‘चालत राहा म्हणजे मोकळा होईल’ असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. तो सल्ला नंतरच्या दिवसांसाठी ठीक आहे, पहिल्या दिवसासाठी नाही. दुसरे, पाय उंच ठेवावा. खुर्चीवर बसून स्टुलावर पाय ठेवला म्हणजे उंच झाला असे नव्हे; आडवे पडून पायाखाली दोन उशा किंवा गोधडीची घडी द्यावी, म्हणजे पाऊल छातीच्या पातळीच्या वर राहते आणि सुजेचे पाणी परत उतरते. तिसरे, थंडाव्याचा शेक. घरी फ्रीज नसेल तर गोळेवाल्याकडचा किंवा मासळीवाल्याकडचा बर्फ चालतो. फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे ठेवावा, दिवसातून चार-पाच वेळा. बर्फ नुसता कातडीवर धरू नये, त्याने कातडी भाजल्यासारखी होते. तेही नसेल तर माठातल्या पाण्यात भिजवलेले फडके. चौथे, दुकानात मिळणारी लवचिक पट्टी, जिला आपण क्रेप बँडेज म्हणतो. ती बोटांच्या मुळापासून सुरू करून, टाच न सोडता, आठच्या आकड्यासारखे वेढे घेत वर आणावी. अनेकजण फक्त घोट्याभोवती आवळून बांधतात. मग पाऊल खाली टम्म फुगते. बांधल्यावर अंगठ्याचे नख दाबून सोडावे. पांढरे पडलेले नख दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाले पाहिजे. बोटे निळी, गार किंवा बधिर वाटली तर पट्टी लगेच सोडून सैल बांधावी.

बर्फाबद्दल वाचकांनी एक सत्य जाणून घ्यावे. विश्रांती, बर्फ, पट्टी आणि उंच ठेवणे हे चार उपाय एका सूत्रात गोवले ते अमेरिकेतील डॉ. गेब मिर्किन यांनी, १९७८ साली आपल्या पुस्तकात. जगभर ते सूत्र पाठ झाले. त्याच मिर्किन यांनी २०१४ साली जाहीरपणे सांगितले की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांमुळे जखम भरून येण्यास मदत होण्याऐवजी उशीर होऊ शकतो, कारण सूज हासुद्धा शरीराच्या दुरुस्तीचाच भाग आहे. आपणच केलेला नियम पुराव्यापुढे मागे घेणारा हा माणूस आम्हाला मोठा वाटतो. तेव्हा बर्फ हा वेदना कमी करण्यापुरता, पहिल्या एक-दोन दिवसांपुरता वापरावा. त्याने बंध जुळत नाही.

वेदनेसाठी साधी पॅरासिटामॉलची गोळी बहुतेकांना पुरते. दुकानदार हातावर ठेवतो त्या जोरदार गोळ्या उपाशीपोटी घेऊ नयेत. ज्यांना पोटात व्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्तदाब आहे त्यांनी, तसेच गरोदर भगिनींनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊच नयेत. आणि वेदना विसरायला म्हणून त्या रात्री दारू पिणाऱ्यांना काय सांगावे! दारूने सूज वाढते, शुद्ध नसल्याने माणूस त्याच पायावर पुन्हा पडतो, आणि पैसे जातात ते वेगळेच.

पहिल्या तीन दिवसांत करू नये अशा गोष्टींत सर्वांत वरचा क्रमांक मालिशचा. आणि इथेच आपल्या समाजात सर्वांत जास्त चूक होते. आत बारीक रक्तवाहिन्या फुटून रक्त झिरपत असते. त्यावर गरम तेल, गरम विटेचा शेक आणि जोरजोरात रगडणे म्हणजे फुटलेला नळ आणखी उघडण्यासारखे. हळद-तुरटीचा किंवा आंबेहळदीचा लेप घरोघरी लावतात. कातडीला जखम नसेल आणि लेप गरम नसेल तर त्याने फारसे बिघडत नाही. आजीच्या हाताने बरेही वाटते. पण लेप लावला म्हणजे उपचार झाला असे समजून दवाखाना टाळू नये.

हाडवैद्यांबद्दल आम्ही सरसकट वाईट बोलणार नाही. गावात दवाखाना वीस कोस दूर असताना त्यांनीच लोकांना आधार दिला. पण आत काय मोडले आहे हे न पाहता सांधा ओढणे आणि बांबूच्या कामट्या लावून करकचून बांधणे, या दोन गोष्टींनी हातपाय गमावलेली माणसे आहेत. घट्ट बांधल्यावर रक्तपुरवठा तुटतो, स्नायू आतल्या आत मरतात आणि बोटे पंज्यासारखी आखडून कायमची वाकडी होतात. फोल्कमन नावाच्या जर्मन शल्यचिकित्सकाने १८८१ साली या विकाराचे वर्णन केले. आजही त्याच्याच नावाने तो ओळखला जातो. सर्वांत जास्त धोका लहान मुलांच्या कोपराजवळच्या दुखापतीत. मूल रात्रभर किंचाळत असेल, बोट सरळ केले तरी ओरडत असेल, तर ‘बांधलंय म्हणून दुखतंय’ असे समजून सकाळची वाट पाहू नका. बांधलेले त्या क्षणी सोडा आणि रुग्णालय गाठा.

आता पायाळूची गोष्ट. कंबरेत उसण भरली की गावाकडे पायाळू माणूस शोधतात. आईच्या पोटातून जो पायाकडून जन्मला तो पायाळू. त्याने पाठीवर लाथ मारली किंवा पाय फिरवला की उसण उतरते, अशी समजूत. शहरातल्या वस्तीतही आम्ही हे पाहिले आहे. पायाळू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बाईच्या दारात सकाळी दोन-चार माणसे कंबर धरून उभी! यात गुण येतो की नाही? येतो. पण तो कशाने येतो ते पाहा. अचानक भरलेली उसण म्हणजे बहुधा पाठीचे स्नायू किंवा बंध ताणले गेल्याची कळ असते, आणि ती बहुतेक वेळा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपोआप ओसरते. लाथ मारली नसती तरी ओसरली असतीच. श्रेय मात्र पायाळूला जाते. आणि त्या कंबरदुखीमागे सरकलेली चकती किंवा म्हातारपणी ठिसूळ झालेला मणका असेल, तर ती लाथ महागात पडते. जन्माच्या वेळी डोके आधी आले की पाय, याचा दुसऱ्याच्या पाठीशी संबंध कसा असेल, हा प्रश्न मुलांनाच विचारू द्यावा. (कंबरदुखीबरोबर पाय लुळा पडणे, जांघेत बधिरपणा येणे, लघवी अडणे वा नकळत होणे, यांपैकी काही झाले तर मात्र तासाचाही विलंब नको.)

हाड मोडले की नुसते मुरगळले, हे घरी कसे ओळखावे? कॅनडातील ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ साली यासाठी अत्यंत सोपे नियम शोधून काढले. डॉ. इयन स्टील हे त्यांत प्रमुख होते. घोट्याच्या दुखापतीत उगाच सगळ्यांचे एक्स-रे काढले जात होते आणि बहुतेकांत काहीच मोडलेले नसायचे; खर्च आणि वेळ वाया. त्यांनी सांगितले ते असे. घोट्याचा आतला किंवा बाहेरचा जो हाडाचा उंचवटा आहे, त्याच्या मागच्या कडेवर, खालच्या टोकापासून वर सुमारे सहा सेंटिमीटरपर्यंत, बोटाने दाबून पाहावे. तिथे नेमके हाडावर दुखले तर एक्स-रे काढावा. पावलाच्या बाहेरच्या कडेला करंगळीच्या रेषेत मधोमध एक टेंगूळ लागते, तिथे दुखले तर काढावा. पावलाच्या आतल्या बाजूला घोट्याच्या पुढे जे हाड हाताला लागते, तिथे दुखले तरी काढावा. आणि दुखापत झाल्या क्षणी व नंतर दवाखान्यातही चार पावले टाकता येत नसतील तर काढावा. लंगडत टाकलेली पावलेही मोजायची. यांपैकी काहीच नसेल तर हाड मोडलेले असण्याची शक्यता फारच थोडी. हे नियम आता जगभर वापरतात, आणि त्यासाठी यंत्र लागत नाही, एक बोट लागते.

मात्र काही माणसांना हे नियम लावून घरी बसवू नये. मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना गेली आहे त्यांना मोडलेले हाडही दुखत नाही. दारू प्यालेल्याचेही तसेच. आणि लहान मुले. वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते, ती अस्थिबंधापेक्षाही कमकुवत असते. मोठ्या माणसाचा जिथे बंध फाटेल तिथे मुलाची ही कूर्चा दुभंगते, आणि दुर्लक्ष झाल्यास पुढे तो हात किंवा पाय आखूड-वाकडा वाढू शकतो. म्हणून मुलाचा सांधा सुजला तर ‘पोरंच ती, पडायचीच’ म्हणू नये. उतारवयातल्या भगिनींची हाडे ठिसूळ झालेली असतात, त्यांच्याही बाबतीत हाच नियम.

मनगटाचा एक धोका इथे सांगायलाच हवा. घसरून पडताना आपण हात टेकतो, मनगट दुखते, एक्स-रे काढतात, काही दिसत नाही, आणि ‘मुरगळलंय’ म्हणून घरी पाठवतात. अंगठा ताणून वर उचलला की मनगटाजवळ त्याच्या मुळाशी एक खळगा पडतो. तपकीर ओढणारी जुनी माणसे चिमूट याच खळग्यात ठेवत. डॉक्टरांच्या पुस्तकातही त्याला तपकिरीच्या डबीचेच नाव आहे. त्या खळग्यात दाबून दुखत असेल तर आत नावेच्या आकाराचे एक छोटे हाड मोडलेले असू शकते. त्याची भेग पहिल्या दिवशीच्या एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसत नाही. दहा-चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढावा लागतो, तोवर आधार बांधून ठेवावा लागतो. या हाडाला रक्त कमी मिळते, म्हणून उपचार चुकला तर ते जुळतच नाही आणि जन्मभराचे दुखणे होते. हाताने ओझे उचलणाऱ्या, भांडी घासणाऱ्या, मशीन चालवणाऱ्या माणसाचा तो हात असतो. तेव्हा दुसऱ्या एक्स-रेचा कंटाळा करू नका.

बरे होण्याला किती दिवस लागतात, हा प्रत्येकाचा प्रश्न. हलकी इजा एक ते तीन आठवडे, मधली तीन ते सहा, आणि पुरता तुटलेला घोट्याचा बंध दोन-तीन महिने किंवा त्याहूनही जास्त. स्नायूला रक्त भरपूर मिळते, अस्थिबंधाला बेताचेच, म्हणून त्याची दुरुस्ती संथ चालते. आधी धागे कसेही आडवेतिडवे विणले जातात. त्यांवर बेताबेताने ताण पडत गेला की ते हळूहळू ताणाच्या दिशेने ओळीत लागतात आणि मजबूत होतात. ताणच पडला नाही तर आडवेतिडवेच राहतात. म्हणून महिनाभर खाटेवर पडून राहणे हासुद्धा अतिरेकच. गंभीर इजेत मात्र सुरुवातीला आठ-दहा दिवसांचे प्लास्टर फायद्याचे ठरते, असे ब्रिटनमध्ये झालेल्या मोठ्या अभ्यासात २००९ साली दिसून आले. तेव्हा डॉक्टरांनी प्लास्टर सांगितले तर घ्यावे, आणि त्यांनी काढायला सांगितले की काढावे. पुढे आपल्या मनाने वाढवू नये.

दोन-तीन दिवसांनी वेदना थोडी उतरली की व्यायाम सुरू करावा. आमच्या ओळखीच्या एका फिजिओथेरपिस्ट ताई सांगतात ते आम्हाला फार आवडले: पाय लांब करून बसा आणि अंगठ्याने हवेत मुळाक्षरे गिरवा, अ पासून ज्ञ पर्यंत. घरातले लहान मूल शेजारी बसवले तर त्याचाही अभ्यास होतो. पुढच्या आठवड्यात सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चवड्याला अडकवून पाऊल चारी दिशांना ताणायचे. मग उंबरठ्याला किंवा ओट्याला धरून दोन्ही टाचा उचलायच्या. आणि सर्वांत महत्त्वाचे, एका पायावर उभे राहणे. सकाळी दात घासताना दुखऱ्या पायावर उभे राहा, एका हाताने भिंतीला धरून. आधी दहा सेकंद, मग तीस. जमले की चादरीच्या घडीवर उभे राहून तेच.

हे का करायचे? अस्थिबंधात सूक्ष्म ज्ञानतंतू असतात. पाऊल कसे पडले आहे याची खबर ते क्षणोक्षणी मेंदूला देतात. बंध फाटला की हे खबरेही जखमी होतात. बंध जुळतो, सूज जाते, माणूस कामावर जातो, पण पायाला स्वतःची जागा कळत नाही. खडा पायाखाली आला तरी खबर उशिरा पोहोचते आणि पाय पुन्हा मुरगळतो. ‘माझा हा पाय सारखाच मुरगळतो’ असे सांगणारे कितीतरी जण भेटतात. त्यांच्या पायात बहुधा हाच दोष असतो, आणि तो औषधाने नव्हे, तोल सांभाळण्याच्या व्यायामाने सुधारतो. चालताना काठी घ्यायची तर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात घ्यावी. शंभरातले नव्वद लोक ती दुखऱ्या बाजूलाच धरतात! दुखऱ्या पायावर एकट्याने उड्या मारता आल्या, दुखले नाही, म्हणजे धावायला किंवा खेळायला हरकत नाही. त्याआधी संघाचा कप्तान कितीही गळ घालो, मैदानात उतरू नये.

गुडघ्याचा विषय स्वतंत्र लेखाचा आहे, तरी थोडक्यात. घोट्याचे बंध बहुधा आपोआप जुळून येतात. गुडघ्याच्या आत मध्यभागी फुलीसारखे दोन बंध असतात, त्यांतला पुढचा तुटला तर तो सहसा आपोआप जुळत नाही. पाऊल जमिनीवर घट्ट आणि शरीर गर्रकन वळले की तो तुटतो. अनेकांना ‘टक्’ असा आवाज येतो, दोन-चार तासांत गुडघा फुगतो, आणि आठवड्याभराने सूज उतरल्यावर जिना उतरताना गुडघा निसटल्यासारखा होतो. एक्स-रेमध्ये काही दिसत नाही, कारण एक्स-रे हाडे दाखवतो, बंध नाही. गुडघा अडकून सरळच होत नसेल तर आतली गादी फाटून मध्ये आली असे समजावे आणि लगेच डॉक्टर गाठावा. मुलग्यांपेक्षा मुलींना ही दुखापत जास्त होते, हे कबड्डी-खो-खो खेळणाऱ्या मुलींच्या पालकांनी लक्षात ठेवावे. म्हणून मुलींना घरी बसवू नये. उडीवरून उतरताना गुडघे वाकवून, ते आत न झुकू देता उतरायला शिकवावे, मांडीचे स्नायू बळकट करावेत. या सरावाने इजा कमी होतात हे सिद्ध झालेले आहे.

हरियाणाची कुस्तीगीर विनेश फोगाट हिचा गुडघा २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये उपांत्यपूर्व लढतीत दुखावला, तिला स्ट्रेचरवरून बाहेर न्यावे लागले. दोन वर्षांनी, २०१८ साली, जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत तिने सुवर्णपदक जिंकले. आशियाई स्पर्धेत कुस्तीचे सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. ऑगस्ट २०२३ मध्ये पुन्हा गुडघा गेला, मुंबईत शस्त्रक्रिया झाली, आणि वर्षभरात ती पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचली. वजनाच्या शंभर ग्रॅमने पुढे काय केले ते सर्वांना ठाऊक आहे, पण गुडघ्याने तिला दगा दिला नाही.

सर्वांनाच शस्त्रक्रिया लागते असेही नाही. स्वीडनमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ज्या ५९ तरुणांनी आधी व्यायाम आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया असा मार्ग धरला, त्यांपैकी दोन वर्षांत २३ जणांनाच शस्त्रक्रिया करावी लागली. तेव्हा कर्ज काढून घाईने ऑपरेशन टेबलावर चढण्याआधी मोठ्या सरकारी रुग्णालयातल्या अस्थिरोग विभागाचे मत घ्या. आणि केलीच, तर खेळायला किमान नऊ महिने लागतात हे गृहीत धरा. व्यायाम न करता नुसती शस्त्रक्रिया म्हणजे अर्धेच काम.

आता आमच्या कारकुनी अनुभवातले. कामावर असताना सांधा मुरगळला तर माणूस लाजतो. हात तुटला तर अपघात, पाय मुरगळला तर त्यात काय नोंद करायची, असे त्याला वाटते आणि मुकादमालाही तेच हवे असते. कंत्राटावर नालेसफाई करणाऱ्या एका कामगाराचे असेच झाले. पाय मुरगळला, मुकादमाने रिक्षाचे भाडे दिले आणि ‘बरा झालास की ये’ म्हणाला. सहा आठवडे पाय टेकता आला नाही. नंतर भरपाई मागायला गेलो तर अपघात झाल्याचा एक कागद नव्हता.

ज्यांच्या पगारातून ई.एस.आय. कापले जाते त्यांचे हक्क स्पष्ट आहेत. कामावर झालेल्या इजेमुळे तात्पुरते काम करता येत नसेल, आणि अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस ती स्थिती राहिली, तर बरे होईपर्यंत सरासरी वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळते. नोकरीला लागल्याच्या पहिल्या दिवशी अपघात झाला तरी मिळते. घरी किंवा मैदानावर पाय मुरगळला तर तो साधा आजार धरतात; त्यात पात्र कामगाराला वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के. घरून कामावर जाता-येता झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध दाखवता आला तर, २०१० सालच्या दुरुस्तीपासून कामावरचाच धरतात. कंत्राटी कामगाराची वर्गणी भरण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. ही विमा योजना आकाशातून पडलेली नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. त्याच काळात प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ साली कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला, त्यावरून १९४८ चा कायदा झाला आणि १९५२ साली कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली.

म्हणून पाय मुरगळला त्याच दिवशी, लंगडत का होईना, तीन गोष्टी कराव्यात. अपघात नोंदवहीत नाव, वेळ, जागा आणि कोणता पाय हे लिहून घ्यावे. लिहिणारा टाळत असेल तर साध्या कागदावर अर्ज देऊन त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. जवळ जो सोबती होता त्याचे नाव त्यात घालावे. आणि दवाखान्यात डॉक्टरांनी ‘कसे झाले’ विचारले तर ‘पडलो’ एवढेच न सांगता ‘कामावर पडलो’ असे सांगावे, कारण केसपेपरवर ते जसे लिहितात तसेच पुढे कार्यालयात वाचले जाते. केसपेपर, एक्स-रे, औषधांच्या पावत्या एका पिशवीत घालून ती पिशवी रेशनकार्डाशेजारी ठेवावी.